झबल्यांचा वास

सातवीच्या विज्ञानात पदार्थाच्या अवस्थांचा एक धडा होता आणि तो शिकवायची मला भारी हौस. माझ्याकडे शिकवणीला येणारी पोरं बहुतेक कंपनीतल्या कामगारांची. घरी एक भाषा, गल्लीत दुसरी, शाळेत तिसरी. कुणी म्हणे, "बाई, बरफ ओगळी गयो," कुणी म्हणे, "पिघल गया." मी ओरडायची, "वितळला म्हणा रे, मेल्यांनो, वितळला! पेपरात काय लिहिणार आहात?" मग मी तीन वाट्या मांडायची. एकीत बर्फाचा खडा, एकीत मेणबत्तीचा तुकडा, तिसरीत डांबरगोळी. बर्फाचं पाणी पोरांच्या डोळ्यांदेखत व्हायचं. मेणाची वाटी स्टोव्हवर धरली की मेण तेलासारखं पातळ व्हायचं आणि खाली उतरवली की पुन्हा घट्ट. डांबरगोळीची वाटी मात्र फळीवर राहायची. सुपारीएवढी गोळी हळूहळू वाटाण्याएवढी व्हायची, मग मिऱ्याएवढी, आणि एक दिवस वाटी रिकामी.

"बघा," मी म्हणायची, "ओल नाही, डाग नाही. घन होतं ते मधे द्रव न होता सरळ वायू झालं. याला म्हणतात संप्लवन."

"पण बाई, ती गेली कुठं?"

"हवेत!" असं म्हणून मी हात असे उडवायची, की जादू मीच केली आहे. हवेत म्हणजे नक्की कुठं, कुणाच्या खोलीत, कुणाच्या नाकात, असं पुढे कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

तेव्हा आम्ही सिल्वासाला किलवणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका चाळीत राहत होतो. कर माफ म्हणून कारखाने आले आणि कारखाने आले म्हणून आम्ही आलो. आमचे हे मसाटला पाइपच्या कारखान्यात सुपरवायझर. प्लास्टिकचा दाणा वितळवायचा आणि साच्यातून ओढायचा, हा त्यांचा दिवसभराचा उद्योग. घरी आले की अंगाला तापलेल्या बादलीसारखा वास. आम्ही मूळचे नाशिकचे, त्यामुळे इथला पाऊस मला शेवटपर्यंत झेपला नाही. पावसाळा लागला की चपलेला बुरशी, पट्ट्याला बुरशी, कपाटाच्या फळीला बुरशी. मसाल्याच्या डब्यातसुद्धा एकदा पांढरी लव आली होती. म्हणून माझ्या ट्रंकेत डांबरगोळ्या असत, आणि त्या मी मोजून टाकत नसे. ओंजळभर टाकत असे.

त्या ट्रंकेत काय होतं ते आधी सांगायला हवं. शालू वगैरे काही नाही, तो माहेरीच राहिला. ट्रंकेत माझ्या मुलाची तान्हेपणाची झबली, टोपडी, लंगोट आणि एक मऊ दुपटं होतं. मुलगा पहिलीत गेला होता, तरी मी ती कुणाला दिली नव्हती. दुसऱ्यासाठी ठेवली होती. दरवर्षी पावसाच्या तोंडावर ट्रंक उघडायची, घड्या उलटून घालायच्या, उडून गेलेल्या गोळ्यांच्या जागी नव्या टाकायच्या आणि झाकण लावायचं. दुसरं काही होईना. डॉक्टर झाले, उपास झाले, सासूबाईंचे टोमणे झाले. गोळ्या मात्र मी न चुकता टाकत राहिले.

शेजारच्या खोलीत शहाद्याकडचं जोडपं होतं. तो सूत बनवणाऱ्या कंपनीत मशीनवर, ती घरी. माझ्याहून बरीच लहान. मला ताई म्हणायची आणि माझ्या सगळ्या विनोदांना हसायची. चाळीत माझ्या विनोदांना हसणारी ती एकटीच, म्हणून माझी फार लाडकी. तिला दिवस गेले. तिला माहेरी आई नव्हती, म्हणून बाळंतपण इथंच करायचं ठरलं आणि गावाहून तिची सासू आली. सासू म्हणजे हाडाची काटक बाई. हिरवं लुगडं, कपाळावर गोंदण, आणि जीभ अशी की ऐकणाऱ्याच्या कानात भुंगा शिरावा. मी शिकवते हे कळल्यापासून मला ‘मास्तरीणबाई’ म्हणायची. त्यात मान किती आणि चेष्टा किती, ते मला कधी नीट कळलं नाही. मी तिला आजी म्हणायची.

मुलगा झाला, ऐन श्रावणात. आमच्याकडे काय आणि त्यांच्याकडे काय, बारशापर्यंत बाळाच्या अंगाला नवं कापड लावत नाहीत. दुसऱ्याच्या धडधाकट पोराचं जुनं घालायचं, म्हणजे त्याचं आयुष्य याला लागतं. माझ्या पोराला साधी सर्दीसुद्धा होत नसे, सगळ्या चाळीला हे माहीत. म्हातारी दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मास्तरीणबाई, तुमच्या पोराची झबली द्या. असतीन ना?"

असतीन ना म्हणे! नाही म्हणावंसं वाटलं, अगदी जिभेवर आलं. पण त्या मुलीचं तोंड आठवलं आणि मी ट्रंक उघडली. देताना हात जड झाला होता, हे खरं. एक टोपडं मी मागे ठेवायला बघत होते, मग लाज वाटली आणि तेही दिलं. धुऊन, उन्हात टाकून द्यावी असं मनात आलं होतं. पण ऊन कुठलं? आठवडा झाला, सूर्य दिसला नव्हता, आणि धुतली तर वाळणार कधी? शिवाय कपडे स्वच्छच होते. तो वास मला स्वच्छतेचाच वाटायचा. पोरीनं झबलं नाकाशी धरलं आणि म्हणाली, "ताई, कसा छान वास येतो, नव्या साडीसारखा!" मी म्हटलं, "मग! आमची ट्रंक आहे ती."

दोन-चार दिवसांत बाळ पिवळं पडलं. आधी सगळे म्हणाले, तान्ही मुलं होतात पिवळी, कोवळं ऊन दाखवा. ऊन नव्हतंच. मग त्याचे डोळे हळदीसारखे झाले, लंगोटाला कोऱ्या चहाच्या रंगाचा डाग पडायला लागला, आणि ते दूध ओढेना. नुसतं पडून राहायचं. पोरगी रडकुंडीला आली. नवरा कंपनीतून रजा घेऊन गाडी शोधायला धावला. आणि इकडे म्हातारी नळावर, भरल्या बायकांत, मोठ्यानं म्हणाली, "जिनी पोटची आस बांधून ठेवेल कपडे दिले, तिचा जीव त्याच्यात अडकेल असतो. जळूनच दिले तिने. दिसत होतं मले."

मी हंडा खाली आपटला. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी खोड जुनीच. "आजी, तोंड सांभाळून बोला! मी विज्ञान शिकवते. कपड्यांनी मुलं आजारी पडत नसतात. असल्या अडाणी बोलण्यानंच पोरं मरतात, समजलं?" मरतात हा शब्द माझ्या तोंडून गेला. तान्ह्या बाळाच्या आजीसमोर. पाणी नुसतं वाहत राहिलं आणि ते बंद करायचंही कुणाला सुचलं नाही.

मी एवढी भडकले का, ते मला तेव्हाही माहीत होतं. तिचं बोलणं सगळं खोटं नव्हतं. हात जड झालाच होता माझा.

रिक्षा आली. नवरा पुढे बसला, म्हातारी बाळाला घेऊन मागे, आणि पोरीनं मला हाताला धरून आत ओढलं. नळावर काय झालं ते तिनं सगळं ऐकलं होतं, तरी ओढलं. दवाखान्यात बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवलं. डॉक्टर तरुण होते, दमलेले होते, पण माणूस नीट. कपडे काढताना त्यांनी झबलं नाकाशी नेलं आणि थांबले.

"हा वास कसला?"

त्यांनी झबलं पुन्हा हुंगलं.

"डांबरगोळ्यांत ठेवलेले कपडे आहेत का हे? कुणाचे आहेत?"

मला क्षणभर काही ऐकू येईना. वाटी दिसली. फळीवरची रिकामी वाटी, ओल नसलेली, डाग नसलेली. गोळ्या हवेत जातात, आणि ट्रंकेत हवा ती कुठली? सगळी त्या कापडात. वर्षानुवर्षं मी ओंजळीनं टाकलेल्या गोळ्या त्या झबल्यांच्या सुतात मुरल्या होत्या, आणि तिथून निघून त्या एवढ्याशा जिवाच्या कातडीतून, श्वासातून आत चालल्या होत्या. व्याख्या मला पाठ होती. पोरांना दहा वेळा लिहायला लावायची मी ती.

"माझे आहेत," मी म्हटलं. "माझ्या ट्रंकेतले."

डॉक्टर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एक कमतरता असते, म्हणाले. एरवी कळतसुद्धा नाही, पण या गोळ्यांची वाफ लागली की रक्तपेशी फुटायला लागतात. रक्त द्यावं लागेल. कावीळ आणखी चढली तर मेंदूवर जाईल. आजची रात्र आणि उद्याचा दिवस काढला तर आशा आहे. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "घरात त्या वासाचं जे जे असेल ते बाहेर काढा. गादी, पांघरूण, सगळं."

म्हातारी भिंतीला टेकून उभी होती. ती एवढंच म्हणाली, "मी काय म्हनत व्हते?"

बोलाफुलाला गाठ पडली म्हणतात, ती अशी. कारण चुकीचं होतं, पण बोट बरोबर माणसाकडे होतं. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पोरीनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मला कळलंच नाही तिनं कशानं पाहिलं, आणि ते न कळणं फार वाईट होतं. मग ती बाळाकडे वळली आणि आपल्या बोलीत पुटपुटायला लागली, "मना पोऱ्याले काय व्हयनं वं माय, काय व्हयनं..."

मी किल्ली घेऊन घरी आले. त्यांची खोली उघडली. वास होता; माझ्या ट्रंकेचा वास, पण माझ्या ट्रंकेपेक्षा दाट. झबली बादलीत टाकली, दुपटं टाकलं. मग बाळाची गादी उचलली. गादीखाली, डोक्याच्या बाजूला, हिरव्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेली एक पुरचुंडी होती. सोडली तर आत डांबरगोळ्या. झिजलेल्या, वाटाण्याएवढ्या, पण ओंजळभर.

मला सगळं लख्ख समजलं. घड्यांमध्ये राहिलेल्या माझ्याच गोळ्या होत्या त्या. मी झटकून काढल्या नव्हत्या. म्हातारीनं एकेक वेचल्या होत्या. वाया कशाला घालवा, दुधाच्या वासानं तांबड्या मुंग्या येतात, म्हणून बांधून बाळाच्या उशाशी ठेवल्या होत्या. हे असं आमच्या सगळ्यांच्या घरात चालायचं. मीही केलं असतं.

आणि मला आनंद झाला. दुसरा शब्द नाही त्याला. बाळ तिकडे निळ्या दिव्याखाली जगतंय की जातंय ते माहीत नाही, आणि मी इकडे त्याची गादी हातात धरून उभी, आणि आतून काहीतरी उसळून म्हणतंय, सुटले! मी नाही, ती! पुरचुंडी घेऊन दवाखान्यात जावं, म्हातारीपुढे धरावी आणि म्हणावं, घ्या आजी, कुणाचं फडकं हे? मी दारापर्यंत गेलेसुद्धा होते. उंबऱ्यात बाळाचं एक टोपडं पडलं होतं, तेच, मी मागे ठेवायला बघत होते ते. ते उचलायला वाकले आणि माझी मलाच शिसारी आली. मी तिथंच खाली बसले आणि भोकाड पसरून रडले. चाळीतल्या बायका धावत आल्या. त्यांना वाटलं, बाळ गेलं.

पुरचुंडी पदराखाली धरून मी चाळीमागच्या नाल्यावर गेले. पावसानं नाला भरून वाहत होता. फडक्यासकट टाकली. पाणी कुठल्या कुठं घेऊन गेलं.

दवाखान्यात परतले तेव्हा बापाचं रक्त जुळलं होतं आणि बाळाला चढत होतं. म्हातारी बाकावर बसून माझ्या नावानं खडे फोडत होती. येईल-जाईल त्याला सांगत होती, "हिच्या कपड्यानी माझा नातू चालला." मी ऐकत उभी राहिले. एक शब्द बोलले असते तर तिचं तोंड कायमचं बंद झालं असतं. का नाही बोलले? मोठेपणा म्हणून? तसं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगितलं, पण ते काही खरं नाही. बोलायला तोंडच नव्हतं. गोळ्या माझ्या होत्या, आणि तो आनंदही माझाच होता.

बाळ वाचलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं दूध ओढलं, आणि पोरीनं वॉर्डच्या दारातून हाक मारली, "ताई, प्यायला!" मला मारली ती हाक. नवरा शेजारीच उभा होता, सासू बाकावर होती, पण हाक मला. त्या हाकेची मला अजून लाज वाटते.

बारशाला म्हातारीनं मला पाळण्याला हात लावू दिला नाही. ठीक आहे, मी म्हटलं. पुढे ती दर वर्षी गावाहून यायची आणि नळावर नव्या बायकांना पहिल्यापासून सगळी गोष्ट सांगायची. मास्तरीणबाईंचे कपडे, मास्तरीणबाईंच्या गोळ्या. नवीन भाडेकरणी माझ्याकडे चोरून बघायच्या. आमचे हे एकदा चिडले, म्हणाले, "किती वर्षं ऐकून घेणार आहेस? तुला काय माहीत होतं?" मी म्हटलं, "मला माहीत होतं, तेच तर!" त्यांना ते समजलं नाही. त्यांचं सगळं वितळणारं; वितळतं ते दिसतं, हाताला चटका बसतो, माणूस सावध होतो.

तो धडा आला की मी दोनच वाट्या मांडायला लागले. संप्लवनाला देव्हाऱ्यातला कापूर दाखवायची, तोही उघड्या दारात. कुणी विचारलं, "बाई, कुठं जातो?" तर हात उडवत नसे. म्हणायची, "या खोलीत. आपण सगळे घेतोय तो." पोरं नाक धरून खी खी हसायची.

तो मुलगा वाढला. दुसरीत गेला, दांडगट झाला, माझ्याच फळीवरच्या वाट्या फोडायला लागला. रक्ताचं ते तसंच आहे, आयुष्यभर राहणार, काही औषधं त्याला चालत नाहीत. पोरगी त्याच्या गळ्यातल्या ताइताबरोबर एक चिठ्ठीही ठेवायची. आमच्या दोन्ही घरांत मग डांबरगोळी कधी आली नाही. ट्रंक मी भंगारवाल्याला दिली. दुसरं मूल झालंच नाही.

नव्वदच्या दशकाचा मधला काळ असेल. म्हातारी थकली होती, एका डोळ्यानं दिसेनासं झालं होतं, आणि आता कायमची गावी चालली होती. निघायच्या दिवशी दुपारी तिनं नातवाला पाठवून मला बोलावलं. ती खाटेवर बसली होती, बोचकं बांधून तयार. सून आत चहा टाकत होती. म्हातारीनं नातवाला बाहेर हाकललं, माझा हात धरला आणि जवळ ओढलं.

"मास्तरीणबाई, गादीखालची पुरचुंडी तुम्हीच नेली ना?"

मी खाटेच्या कडेला टेकले.

"दवाखान्यातून आल्याबरोबर मी गादीची जागा चाचपली व्हती," ती म्हणाली. "नव्हती. मले वाटलं, गोळ्या उडून गेल्या असतीन. तुम्हीच पोरांना शिकवता ना, उडून जातात म्हणून? भिंतीआडून ऐकू यायचं मले. मग म्हटलं, गोळ्या उडाल्या. पण फडकं कुठं उडस वं बाई?"

म्हणजे इतकी वर्षं तिला माहीत होतं. नळावर माझी गोष्ट सांगताना माहीत होतं, पाळण्यावरून माझा हात झटकताना माहीत होतं. मला राग यायला हवा होता. माझ्यासारख्या भडकू बाईला तर यायलाच हवा होता. पण माझ्या डोळ्यांपुढे तो उंबरा आला, ते टोपडं आलं, आणि जे मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं ते तोंडातून गेलं.

"आजी, ती पुरचुंडी सापडली ना, तेव्हा मला आनंद झाला होता. बाळ तिकडे तसं होतं, आणि मला आनंद झाला होता."

तिनं माझा हात सोडला नाही. अंगठ्यानं माझ्या बांगड्या मागेपुढे करत राहिली.

"मले बी झाला व्हता," ती म्हणाली. "डॉक्टरसमोर तुम्ही ‘माझे आहेत’ म्हटलं ना, तेव्हाच."

सून चहाचे कप घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "काय गुजगोष्टी चालल्यात दोघींच्या?" आम्ही दोघींनी कप घेतले.